दिवाणातले ढेकूण : फवारणी करूनही तीन आठवड्यांत परत आले, आता काय करावे? (नागपूर)

पळसबन | १४ फेब्रुवारी

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाडा भागातील एका फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, माझे यजमान, नववीतली मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे आहेत. दिवाळीपूर्वी सासऱ्यांसाठी जुन्या सामानाच्या दुकानातून एक सागवानी दिवाण घेतला. लाकूड उत्तम होते आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी होती, म्हणून फारशी चौकशी न करता तो घरी आणला आणि मुलीच्या पलंगाशेजारी, त्याच खोलीत ठेवला.

डिसेंबरात मुलीच्या दंडावर आणि मानेवर सकाळी लाल गांधी दिसू लागल्या. आधी आम्ही डास समजून मच्छरदाणी लावली, नंतर औषधाच्या दुकानातून विचारून खरजेचे मलम आणले. सासरे त्या दिवाणावरच झोपत असूनही त्यांच्या अंगावर एकही डाग नव्हता, त्यामुळे दिवाणाचा संशय कोणालाच आला नाही. जानेवारीत एका पहाटे मुलीने उशीवर चालणारा कीडा दाखवला तेव्हा उलगडा झाला.

फवारणी करणाऱ्या एका कंपनीला बोलावले. त्यांचा माणूस आला, गाद्या न उचलता वीस मिनिटांत सगळीकडे औषध मारून गेला आणि आता वर्षभर चिंता नाही असे सांगून गेला. तीन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू झाले. आता पुन्हा बोलावले तर ते वेगळे पैसे मागत आहेत. एका नातेवाइकांनी गव्हात घालायच्या गोळ्या फडक्यात बांधून गादीखाली ठेवायला सांगितले आहे, आणि गोळ्या आणूनही दिल्या आहेत. दिवाण फेकून द्यावा का, या गोळ्या ठेवाव्यात का, आणि शेजाऱ्यांना हे सांगावे का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे. घर अस्वच्छ असल्यासारखे वाटते आणि कोणाशी बोलायचा संकोच होतो, म्हणून येथे लिहिते आहे.

वैनगंगाकाठ | १४ फेब्रुवारी

ताई, बाकीचे सगळे नंतर होईल, पण त्या गोळ्या आज रात्री घरात ठेवू नका. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचा संबंध आला की फॉस्फीन नावाचा वायू सुटतो आणि त्यावर उतारा म्हणून देता येईल असे कोणतेही औषध नाही. बंद खोलीत झोपलेली माणसे या वायूने दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात वारंवार येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच घटना घरातल्या किड्यांसाठी किंवा उंदरांसाठी गोळ्या ठेवल्यामुळेच घडलेल्या असतात. वायू फटींतून शेजारच्या खोलीत आणि वरखालच्या घरांतही जातो. कायद्याने या गोळ्या सामान्य ग्राहकाला विकायला परवानगी नाही, तरी त्या हातोहात मिळतात ही फार गंभीर गोष्ट आहे.

डबीचे झाकण उघडू नका, तिला पाणी लागू देऊ नका, डबी नाल्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. ज्यांनी आणून दिली त्यांनाच ती जशीच्या तशी, उघड्या वाहनावरून, दुकानदाराकडे परत करायला सांगा. ७८ वर्षांचे सासरे आणि लेकरू ज्या खोलीत झोपते, तिथे हा प्रयोग कदापि नको.

पळसबन | १४ फेब्रुवारी

डबी बंदच होती. आमचे यजमान आत्ताच ती स्कूटरवरून परत देऊन आले. आपण वेळेवर लिहिलेत, मनापासून आभार.

कीटकमित्र | १५ फेब्रुवारी

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. ढेकणांच्या बाबतीत बहुतेक घरी चूक होते ती ओळखण्यात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर लांब असतो. उपाशी असताना तो चपटा आणि तपकिरी दिसतो, रक्त प्यायल्यावर फुगून लांबट आणि लालसर होतो. त्याला सहा पाय असतात, गोचिडाला आठ असतात, एवढ्या एका खुणेवरून बराच घोळ मिटतो. त्याला पंख नसतात, त्यामुळे तो उडत नाही, आणि पिसवेसारखी उडीही मारत नाही. पिल्ले फिकट पिवळसर आणि जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून ती गादीच्या पांढऱ्या कापडावर दिसत नाहीत. अंडी एक मिलिमीटरची, मोत्यासारखी पांढरी आणि चिकटवलेली असतात, त्यामुळे नुसत्या झाडण्याने ती निघत नाहीत.

उष्ण प्रदेशात, म्हणजे आपल्याकडे, प्रामुख्याने सायमेक्स हेमिप्टेरस ही जात आढळते. थंड देशांतली जात सायमेक्स लेक्च्युलेरियस. घरगुती उपायांत बहुतेक ठिकाणी हा फरक पडत नाही, पण एका ठिकाणी पडतो, आणि ते मी पुढे सापळ्यांबद्दल लिहिताना सांगेन.

मादी रोज काही अंडी घालते आणि आयुष्यात दोनशेच्या आसपास, अनुकूल स्थितीत त्याहूनही अधिक घालू शकते. उबदार हवेत अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागते. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास आपल्या उन्हाळ्याच्या तोंडावर पाच-सहा आठवड्यांत पूर्ण होतो. तुमच्याकडची फवारणी फसण्याचे एक कारण इथेच आहे. अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही, आणि फवारणीनंतर फुटलेली पिल्ले तीन आठवड्यांत चावू लागली.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. चावल्याच्या डागांवरून ढेकूण ठरवू नका, लाकडावरून आणि कापडावरून ठरवा. एक चांगला टॉर्च, एक जुना एटीएम कार्डाचा तुकडा आणि कापसाचे बोळे घ्या. गादीच्या शिवणी, काठ, बटणांखालच्या खळग्या, पलंगाच्या चौकटीचे सांधे, स्क्रूची भोके, मच्छरदाणीच्या दुमडलेल्या शिवणी, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागची बाजू, प्लगच्या पेट्या आणि पडद्याच्या वरच्या कडा, या क्रमाने जा. पेनाच्या टोकाने ठिपके मारल्यासारखे काळे डाग दिसले तर ओला बोळा त्यावर दाबून पाहा. ढेकणाची विष्ठा म्हणजे पचलेले रक्त असते, त्यामुळे बोळ्यावर गंजाच्या रंगाचा ओघळ उतरतो. शाईचा किंवा बुरशीचा डाग तसा उतरत नाही. सोबत पारदर्शक कातींचे तुकडे सापडले तर शंका उरत नाही. फार माजलेल्या ठिकाणी एक गोडसर, कोंदट वासही येतो, पण वास येईपर्यंत थांबलेले घर फार उशिरा जागे झालेले असते.

स्वच्छतेबद्दल आपण लिहिलेत म्हणून सांगतो, ढेकणाला घाणीशी काही देणेघेणे नाही. त्याला माणसाचे रक्त आणि लपायला फट हवी असते. लख्ख घरातही फटी असतातच.

त्वचावैद्य | १५ फेब्रुवारी

कीटकमित्र काकांशी मी सहमत आहे, आणि वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडते. ढेकणाची लाळ त्वचेत जाते तेव्हा प्रतिक्रिया येते ती त्या लाळेविरुद्ध, आणि ती व्यक्तीगणिक वेगळी असते. काही जणांच्या त्वचेवर काहीच उमटत नाही. वयस्क माणसांत हे विशेष दिसते. सासऱ्यांच्या अंगावर डाग नसल्याचा अर्थ त्यांना ढेकूण चावत नाहीत असा नव्हे. काही जणांना पहिल्या चाव्यानंतर बऱ्याच दिवसांनी प्रतिक्रिया सुरू होते, म्हणून घरात ढेकूण नेमके कधी शिरले हे डागांवरून ठरवता येत नाही.

खरूज बहुधा बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती असते आणि ती रात्री फार खाजते. पिसवा घोट्यांभोवती चावतात. झोपेत उघड्या राहिलेल्या भागांवर, म्हणजे दंड, मान, खांदे, चेहरा यांवर एका ओळीत किंवा पुंजक्यात गांधी आल्या तर ढेकणाचा विचार करावा, पण तो विचारच समजावा, निदान समजू नये. खरजेचे मलम विनाकारण वारंवार लावल्याने त्वचा कोरडी होऊन खाज वाढते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या बाबतीत मी हेच पाहिले आहे.

ढेकूण माणसांत रोग पसरवतात असे आजवर सिद्ध झालेले नाही. त्रास होतो तो खाजेचा, झोपमोडीचा आणि खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरण्याचा. थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लोशन बहुतेकांना पुरते. खाज असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि जखमेत पू, ताप किंवा अंगभर सूज आली तर थांबू नये. मुलीची नखे कापून ठेवा.

पळसबन | १७ फेब्रुवारी

काल रविवार होता, म्हणून दोघांनी मिळून दिवाण पूर्ण उघडला. जे दिसले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहिते.

वरून दिवाण अगदी स्वच्छ होता. फळ्या काढून तो उलटा केला तेव्हा पायाजवळच्या एका खाचेत, जिथे आडवी पट्टी पायात बसवलेली आहे, तिथे एक काळी रेघ दिसली. मी ती लाकडाची नक्षी समजले होते. एटीएम कार्डाचा कोपरा त्या खाचेत सरकवल्यावर सात-आठ ढेकूण एकमेकांना चिकटून बसलेले बाहेर आले, आणि त्यांच्यामागे भाजलेल्या तिळाच्या टरफलासारख्या कातींचा थर होता. काळ्या रेघेवर ओला बोळा दाबला तर कापूस विटकरी झाला. चारपैकी तीन पायांत हेच होते. स्क्रू काढला तर त्याच्या भोकात, दोऱ्याच्या आट्यांत, पांढरी अंडी चिकटलेली होती. फवारणीचे औषध त्या खाचेपर्यंत पोहोचलेच नव्हते, कारण दिवाणाच्या वरच्या पॉलिशवर त्याचे सुकलेले थेंब अजून तसेच दिसत होते.

मुलीच्या पलंगात एकच ढेकूण सापडला, तोही दिवाणाच्या बाजूच्या कोपऱ्यात. गादीत फक्त दोन ठिपके होते. म्हणजे वस्ती दिवाणात आणि चाव्यांच्या खुणा मुलीच्या अंगावर, असा प्रकार होता. मुलगी मात्र हे सगळे पाहून रडली, आणि त्या रात्री बैठकीच्या खोलीत झोपायचा हट्ट धरून बसली.

फवारणी_१८_वर्षे | १८ फेब्रुवारी

मी हिंगणा भागात राहतो आणि १८ वर्षे हेच काम करतो. ताई, मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवू नका. ढेकूण माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो. माणूस खोली बदलतो तेव्हा ढेकूणही त्या खोलीत जातो, आणि एका खोलीचे काम तीन खोल्यांचे होते. माझ्या अनुभवात सगळ्यांत अवघड घरे तीच असतात, जिथे त्रास सुरू झाल्यावर कुटुंबाने महिनाभर आळीपाळीने सगळ्या खोल्यांत झोपून पाहिलेले असते.

आता आमच्या धंद्याबद्दल स्पष्ट बोलतो. वीस मिनिटांत ढेकणांची फवारणी होत नाही. दोन खोल्यांच्या घराला मला मदतनीस घेऊन तीन तास लागतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ सामान उघडण्यात आणि शोधण्यात जातो. पहिल्या फवारणीनंतर १० ते १४ दिवसांनी दुसरी करावीच लागते, कारण तोवर उरलेली अंडी फुटलेली असतात. दुसरी भेट ठरलेल्या पैशांत धरलेली आहे का हे आधी विचारून लेखी घ्या. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवा म्हणा, कोणते औषध मारणार त्याचे नाव बिलावर लिहायला सांगा. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. लाल त्रिकोणाचा डबा झोपायच्या खोलीत उघडताना दिसला तर काम तिथेच थांबवा. उग्र वासाचे डायक्लोरव्हॉस अजूनही काही जण वापरतात, तर त्यावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. वास उग्र म्हणजे औषध जालीम, हा समज चुकीचा आहे.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना सांगायला आमचे लोक कचरतात. डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधे पूर्वीइतकी लागू पडत नाहीत, कारण ढेकणांत त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली आहे. म्हणून हल्ली औषधावर चौथाई आणि हातकामावर बाकीचा भरवसा ठेवावा लागतो. धूर करणारे डबे तर घेऊच नका. तो धूर फटींत शिरत नाही, आणि ढेकूण बिचकून भिंतीच्या आत आणि शेजारच्या घरात सरकतात.

महालकर | १८ फेब्रुवारी

माझे वय ८१ आहे. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात दर उन्हाळ्यात सुंभाने विणलेल्या बाजा अंगणात आणून त्यांच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतीत असत, आणि ते आई स्वतः करीत असे, गड्यावर सोपवीत नसे, कारण पाणी चुलीवरून उतरल्याबरोबर सांध्यातच पडले पाहिजे असा तिचा कटाक्ष होता. त्या बाजा आठवडाभर शांत असत.

पुढे १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी भिंतींवर डीडीटी मारले जाऊ लागले. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही गेले, त्यामुळे लोक फवारणीवाल्यांची वाट पाहत. काही वर्षांनी मात्र डास मरत आणि ढेकूण मरत नसत, आणि ढेकूणच जात नाहीत तर भिंती कशाला खराब करायच्या म्हणून माणसे दार उघडीनाशी झाली. एका औषधावर विसंबून राहिल्याचा तो परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

रॉकेल ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. आमच्या गल्लीत त्याने एक खोली जळाली होती.

कीटकमित्र | १९ फेब्रुवारी

महालकरांच्या आठवणीला जोडून सांगतो की डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ सालीच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर येथील नौदलाच्या बराकींत नोंदले गेले होते. औषध सर्वत्र वापरात येऊन तेव्हा मोजकी वर्षे झाली होती. आणि त्यांच्या मातोश्रींचा उकळत्या पाण्याचा उपाय शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होता, कारण उष्णतेविरुद्ध ढेकणात तशी प्रतिकारशक्ती येत नाही.

पळसबन ताई, दिवाण फेकू नका. रस्त्यावर ठेवलेला दिवाण दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरी जातो. सागवानाचे सांधे उघडता येतात, ही तुमची मोठी सोय आहे. प्लायवूडच्या पेटीच्या दिवाणात असे करता आले नसते. सुटे भाग गच्चीवर न्या, प्रत्येक खाचेत आणि भोकात उकळते पाणी किंवा वाफ द्या, वाळल्यावर खाचा लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) बुजवा आणि पॉलिश करा. कपडे इस्त्री करायच्या वाफेच्या यंत्रानेही काम होते, फक्त तोंड फटीला लावून इंचाइंचाने सरकवावे, कारण वाफेचा झोत जोरात मारला तर ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही असे छोटे सामान पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवता येते.

आता सापळे. पलंगाच्या प्रत्येक पायाखाली वाडगे ठेवा. परदेशी सल्ल्यांत गुळगुळीत प्लास्टिकचे कोरडे वाडगे सांगितलेले असतात, कारण तिकडची जात त्या भिंतीवर चढू शकत नाही. आपल्याकडची हेमिप्टेरस मात्र गुळगुळीत पृष्ठभागावर बरीच चांगली चढते आणि कोरड्या वाडग्यातून निसटते. म्हणून वाडग्यात दोन बोटे साबणाचे पाणी ठेवा. साधे पाणी ठेवू नका, आणि साबणाचे पाणीही दर चार दिवसांनी बदला. नाहीतर ढेकूण पकडता पकडता आपणच डेंग्यूचे डास पाळू. पलंग भिंतीपासून वीतभर दूर असावा आणि चादर जमिनीला टेकू नये, एवढे पाळले तरच सापळ्याला अर्थ आहे.

सदर_रूमवाला | २१ फेब्रुवारी

मी सदर भागात रूम करून राहतो आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आमच्या इमारतीत दर वर्षी नवी मुले आली की गाद्या एकमेकांना विकल्या जातात आणि ढेकूण त्याबरोबर फिरतात. मालक सांगतात की मुलांनी आणले, मुले सांगतात की आधीपासूनच होते, आणि भांडणात दोन महिने जातात. सर, गावी जाताना बॅगेतून ढेकूण घरी जाऊ नयेत म्हणून काय करावे?

कीटकमित्र | २१ फेब्रुवारी

बॅग पलंगाखाली किंवा पलंगावर ठेवू नका, झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन त्यात ठेवा. गावी पोहोचल्यावर बॅग अंगणातच उघडा, कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि बॅगेच्या शिवणी, चाकांच्या खोबणी टॉर्चने पाहून घ्या. गादी विकत घ्यायचीच असेल तर जुनी घेऊ नका. कापूस पिंजून नवी शिवून घेतलेली साधी गादी जुन्या फोमच्या गादीपेक्षा सुरक्षित, आणि विदर्भात कापसाला तोटा नाही. मालकांशी मात्र सगळ्या मुलांनी मिळून, लेखी बोला. एकाच खोलीत उपाय केला तर पंधरा दिवसांत शेजारच्या खोलीतून ढेकूण परत येतात.

पळसबन | ६ एप्रिल

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. केलेल्या कामाचा हिशेब मांडते.

दिवाणाचे सगळे सांधे उघडून दोनदा उकळते पाणी दिले, लांबी भरली. फवारणी दुसऱ्या माणसाकडून करून घेतली. त्याने आधी तास-दीड तास फक्त शोध घेतला, प्लगच्या पेट्या उघडल्या आणि तिथे पाण्याचे औषध न मारता कोरडी पूड वापरली. बाराव्या दिवशी तो ठरल्याप्रमाणे परत आला. मुलगी त्याच खोलीत झोपते, कारण का झोपायचे ते तिला इथली चर्चा वाचून दाखवली. सापळ्यांची वही तिनेच ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात वाडग्यांत ११ ढेकूण पडले, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ७, चौथ्यात २, पाचव्यात आणि सहाव्यात एकही नाही. तिसऱ्या आठवड्यात आकडा वाढला तेव्हा मी खचले होते, पण त्यातले पाच अगदी लहान पिल्ले होते, म्हणजे ती अंडी फुटण्याची वेळ होती.

मधे एक चूक झाली, ती सांगायला हवी. मार्चअखेरीस कूलर बसवला आणि त्याचा लोखंडी स्टँड पलंगाला टेकवला. दोन दिवसांनी मुलीच्या लक्षात आले की वाडगे ठेवून काही उपयोग नाही, कारण स्टँडवरून पलंगावर चढायला सरळ पूल झाला आहे. स्टँड खिडकीबाहेर सरकवला.

शेजाऱ्यांना सांगितले. भीती वाटत होती, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हात धरून आत नेले आणि स्वतःच्या गादीची शिवण दाखवली. त्यांच्याकडेही सुरू झाले होते आणि त्याही चार महिने गप्प होत्या. स्कीमच्या सचिवांनी नंतर आमच्या चारही फ्लॅटची तपासणी एकाच दिवशी ठेवली, आणि दोन घरांत ढेकूण निघाले.

आता एकच प्रश्न उरला आहे. मुलीच्या खोलीतली सुमारे दोनशे पुस्तके आम्ही फेब्रुवारीत मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद केली. पुस्तकांवर पाणी, वाफ, औषध काहीच चालत नाही. पिशव्या कधी उघडाव्यात?

फवारणी_१८_वर्षे | ६ एप्रिल

ताई, आठवडे मोजायचे ते शेवटचा ढेकूण पडल्यापासून. वाडगे अजून दोन महिने तरी काढू नका. आणि चारही फ्लॅटची दुसरी फवारणी एकाच आठवड्यात होईल एवढे सचिवांना बघायला सांगा.

कीटकमित्र | ७ एप्रिल

नुसते बांधून ठेवायचे असेल तर निदान सहा महिने, कारण ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो. मात्र नागपूरकरांच्या हाती यापेक्षा लवकरचा उपाय आहे, आणि तो म्हणजे मे महिन्याचे ऊन. त्यात एक अट आहे. हवेचा पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे आपोआप ढेकूण मरतात असे नव्हे; ४५ अंशांवर प्रौढ ढेकूण मरायला सुमारे दीड तास आणि अंडी मरायला सुमारे सात तास लागतात, तर ४८ अंशांवर अंडी साधारण सव्वा तासात मरतात. हे तापमान पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या मधोमध पोहोचले पाहिजे, पिशवीच्या वरच्या बाजूला नव्हे. गादी उघडी उन्हात टाकली तर वरचा थर तापतो आणि ढेकूण खालच्या थंड बाजूला सरकतात, म्हणून ते वाळवण फुकट जाते.

नवतपा (मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की सात-आठ पुस्तकांचेच छोटे गठ्ठे करा, काळ्या पिशवीत घाला, गच्चीच्या फरशीवर सरळ न ठेवता लाकडी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा, आणि मधल्या पुस्तकात तार लावलेला थर्मामीटर खोचा. आत ५० अंश दिसल्यावर दोन तास मोजा. आधी एका गठ्ठ्यावर करून पाहा.

पळसबन | २९ मे

काल केले. सकाळी दहाला ठेवलेल्या पहिल्या गठ्ठ्यात पाऊण वाजता ५० चा आकडा आला, आणि साडेतीनपर्यंत तो ५३ वर होता. जाड शब्दकोशाच्या गठ्ठ्यात मात्र दुपारी तीन वाजताही ४६ च होते, म्हणून तो वेगळा काढून आज एकटाच ठेवला आहे. दोन पुस्तकांच्या कण्याचा डिंक सुटला, तो चिकटवता येईल. पहिल्या गठ्ठ्यातल्या भूगोलाच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड एक वाळलेला ढेकूण आणि तीन अंडी सापडली. अंडी भिंगातून पाहिली तेव्हा ती खोल दबलेली, सुरकुतलेली दिसली. उरलेले गठ्ठे रोज चार याप्रमाणे वर नेत आहोत.

वाडग्यांत नवव्या आठवड्यापासून आजवर काही पडलेले नाही. खालच्या काकूंकडे गेल्या आठवड्यात एक सापडला, म्हणून त्यांच्या पलंगाची तपासणी परवा दोघी मिळून करणार आहोत.